‘मुंबईचे वर्णन’ : राजधानीची वाढ आणि नगराचा कर्ता

गोविंद नारायण माडगांवकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. न. र. फाटक यांनी तो १९६१ साली संपादून पुन्हा वाचकांपुढे आणला, आणि मुरली रंगनाथन यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे गेल्या दोन दशकांत मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही तो उपलब्ध झाला आहे. तथापि या ग्रंथाचे वाचन सामान्यतः दोनच प्रकारांनी होत आले आहे. इतिहासाचा अभ्यासक त्यातून माहिती वेचतो : कोणता तलाव कोणी बांधला, कोणत्या वेशीचे नाव काय होते, कोणत्या जातीची वस्ती कोठे होती. हौशी वाचक त्यात गतकाळाची मौज पाहतो. या दोन्ही वाचनांत ग्रंथ हा एक कोठार ठरतो. तो एका विशिष्ट दृष्टीने रचलेला गद्यप्रबंध आहे, त्या दृष्टीला काही दिसते आणि काही दिसत नाही, हा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित प्रश्नापुरता करावयाचा आहे. मुंबई इलाख्याची राजधानी माडगांवकरांच्या डोळ्यांदेखत विलक्षण वेगाने वाढत होती. ती वाढ या ग्रंथात कोण घडवून आणतो? व्याकरणाच्या भाषेत विचारावयाचे तर, या वाक्याचा कर्ता कोण?

ग्रंथनामापासून प्रारंभ करणे युक्त होईल. ‘वर्णन’ हा शब्द आज आपणांस निरुपद्रवी वाटतो. परंतु १८६३ च्या सुशिक्षित मराठी वाचकाच्या मागे त्या शब्दाची मोठी परंपरा उभी होती. महाकाव्यात नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय यांची वर्णने असावीत असे दंडीने ‘काव्यादर्शा’त सांगितले आहे, आणि त्या यादीत नगराचा क्रम पहिला आहे. त्या परंपरेतील नगर हे समृद्धीचे दृश्य असते. त्याचे प्रासाद उंच, बाजार भरलेले, जन संतुष्ट. नगर कोणी वसविले याचे उत्तर एका शब्दात मिळते, ते म्हणजे राजाने. आणि ते कसे चालते हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. क्षेत्रमाहात्म्यातील नगरही असेच आयते असते. फरक इतकाच, की तेथे राजाच्या जागी देव असतो. उलट आपल्या बखरीत कर्ता फार ठसठशीत असतो. कोणी कोणास पत्र लिहिले, कोणी मसलत फिरविली, कोणाच्या मनात कोणता विकल्प आला, हे बखरकार रसाने सांगतो. पण बखरीला शहर दिसत नाही, दरबार दिसतो. माडगांवकरांपुढे हे दोन साचे होते. त्यांनी बेटाचा प्राचीन वृत्तांत, बिंब राजा, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या हकीकती सांगितल्या आहेत आणि तेथे त्यांचे गद्य बखरीच्या अंगाने जाते. परंतु स्वतःच्या काळातील मुंबईकडे वळताच त्यांचा ग्रंथ खरोखरीचे ‘वर्णन’ होतो. घडामोडी सांगणारा लेखक मागे सरतो आणि शोभा पाहणारा पुढे येतो.

या शोभेत नवे पुष्कळ आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. संस्कृत कवींच्या नगरात आगगाडी नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गाडी निघाली. १८५६ मध्ये कावसजी दावर यांची गिरणी सूत काढू लागली. १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. १८६० च्या सुमारास विहार तलावाचे पाणी नळांनी शहरात आले. दहा वर्षांच्या आत एखाद्या शहराच्या देहात एवढे बदल झाल्याचे उदाहरण या देशात त्यापूर्वी क्वचितच सापडेल. माडगांवकरांची थोरवी ही, की या सर्व गोष्टी मराठी गद्यात सामावतील असा विश्वास त्यांना वाटला. कापसाच्या गाठी, टांकसाळ, छापखाने, न्यायकचेऱ्या, देवळे आणि बाजार यांना एकाच पंक्तीत बसविणारे गद्य घडविणे ही सामान्य कामगिरी नव्हे. आजही एखाद्या मराठी लेखकास मेट्रो रेल्वे आणि मासळीबाजार एकाच परिच्छेदात आणावयास सांगितले, तर त्याची भाषा बहुधा अडखळेल.

परंतु ही सर्व कामे झाली कशी? ग्रंथ लक्षपूर्वक वाचला असता त्यात मुख्यतः दोन कर्ते आढळतात. पहिला सरकार आणि दुसरा दाता. सरकार रस्ते करते, पोलिस ठेवते, शाळा काढते, भिंती पाडते. आणि दाता तलाव खोदतो, धर्मशाळा बांधतो, इस्पितळास देणगी देतो. जेथे या दोघांपैकी कोणीच सापडत नाही तेथे काम आपोआप ‘होते’. वस्ती वाढते, व्यापार चढतो, जमीन महाग होते. यात माडगांवकरांनी काही विपर्यास केला असे कोणी समजू नये. मुंबईचा तो काळच सरकार आणि शेठ यांचा होता. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता खाडीवर बांधण्यास सरकारने पैसा देण्याचे नाकारल्यावर लेडी अवाबाई जमशेटजी यांनी सुमारे १ लक्ष ५७ हजार रुपये दिले, आणि प्रवाशांकडून जकात घेऊ नये अशी अट घातली. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाचे इस्पितळ सुरू झाले. असे शहर पाहणाऱ्या लेखकास नगराची वाढ म्हणजे राजाचे औदार्य आणि धनिकाचा धर्म असे वाटले, तर ते स्वाभाविकच होय.

स्वाभाविक असले तरी ते पूर्ण सत्य नव्हते, आणि येथेच टीकेचे कारण निर्माण होते. ज्या मुंबईचे वर्णन चालले होते तीत तिसराही एक कर्ता हजर होता. तो म्हणजे पट्टी भरणारा रहिवासी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘जस्टिस ऑफ द पीस’ या पदवीच्या गृहस्थांस शहराच्या सफाईसाठी घरांवर पट्टी बसविण्याचा अधिकार होता. १८३० नंतरच्या दशकात हिंदी लोकांनाही ही पदवी मिळू लागली. जगन्नाथ शंकरशेट हे त्यांतील अग्रेसर होत. १८४५ साली सात सभासदांचे एक सफाई मंडळ नेमण्यात आले, आणि १८५८ साली ते मोडून तीन कमिशनरांच्या हाती कारभार देण्यात आला. म्हणजे ग्रंथ लिहिला जात असताना राजधानीला एक स्थानिक राज्ययंत्र होते, ते वरचेवर बदलत होते, आणि त्यासाठी पैसा गोळा केला जात होता तो घरमालकाकडून, व त्याच्या मागे भाडेकऱ्याकडून. विहारचे नळ दात्याच्या धर्माने आले नव्हते. त्या कामाचा बोजा अखेरीस शहराच्या उत्पन्नावर पडावयाचा होता. तलावाचे पाणी हे जसे आश्चर्य होते तसा तो एक हिशेबही होता. वर्णनात आश्चर्याला जागा आहे, हिशेबाला फारशी नाही.

हा अभाव भाषेच्या दारिद्र्यामुळे घडला असे म्हणता येत नाही. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात मुंबईतच, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात छापली गेली होती, आणि त्यांत हिंदुस्थानात पार्लमेंट असावे येथवर विचार पोहोचला होता. १८५२ साली बाँबे असोसिएशन स्थापन होऊन तिचे अर्ज विलायतेस गेले होते. देशाच्या राज्यकारभारासंबंधी बोलण्यास लागणारी मराठी सिद्ध झाली होती. मात्र जे पार्लमेंटासंबंधी लिहीत होते ते आपल्या गल्लीतील गटाराच्या खर्चासंबंधी त्याच गांभीर्याने लिहीत नव्हते. गटार हा विषय आरोग्याचा, शुचितेचा, फार तर सरकारच्या दयेचा मानला जाई. माडगांवकरांनी स्वतः ‘शुचिर्भूतपणा’ या नावाचा निबंध लिहिला होता, हे या दृष्टीने बोलके आहे. स्वच्छता हा एका सद्गृहस्थाचा गुण म्हणून मराठी गद्यात आली. तो करदात्याचा हक्क आहे ही कल्पना यावयास अजून काही वर्षे लागावयाची होती.

माडगांवकरांच्या या दृष्टीचे आणखी एक कारण आहे आणि ते त्यांच्या चरित्रात सापडते. त्यांचा जन्म १८१५ साली गोव्यात मडगांवास झाला, आणि १८२४ मध्ये, नऊ वर्षांचे असताना, ते मुंबईस आले. म्हणजे ‘मुंबईचे वर्णन’ हे मूळच्या मुंबईकराचे आत्मकथन नसून बाहेरून आलेल्या माणसाने आश्रय देणाऱ्या शहरास वाहिलेली कृतज्ञता आहे. काही टीकाकार त्यांच्या इंग्रजस्तुतीने अस्वस्थ होतात. ही स्तुती अनेक ठिकाणी अतिरेकी आहे यात संशय नाही. परंतु ती केवळ राजनिष्ठा आहे असे म्हणणे हा उथळ निर्णय होईल. पोर्तुगीज अंमलातून आलेल्या, विद्येवर पोट भरणाऱ्या एका मनुष्यास या बेटाने जे दिले त्याचे ते ऋण होते. पुढे १८७२ च्या खानेसुमारीत या शहराचे बहुसंख्य रहिवासी बेटाबाहेर जन्मलेले आढळले. अशा आगंतुकांची नजर नेहमी ‘येथे काय मिळते’ याकडे असते. ‘येथे कोण ठरवितो’ हा प्रश्न विचारण्यास मनुष्य प्रथम स्थिरावावा लागतो. मुंबईच्या स्थानिक राजकारणाच्या दुबळेपणाचे हे एक कारण असावे असे मला वाटते, आणि ते माडगांवकरांच्या काळाबरोबर संपलेले नाही.

ग्रंथाचे प्रकाशनवर्ष हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ पासून लिव्हरपूलला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईत सोन्याचा पूर आला होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचा कोट पाडण्याचे काम निघाले. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी बॅक बे कंपनीसारख्या मंडळ्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले. १८६४ च्या गणतीत शहराची लोकसंख्या ८ लक्ष १६ हजारांवर भरली. ‘मुंबईचे वर्णन’ या लाटेच्या माथ्यावर उभे राहून लिहिले गेले. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले, मंडळ्या बुडाल्या आणि बँका डळमळल्या. १८७२ मध्ये लोकसंख्या मोजली तेव्हा ती ६ लक्ष ४४ हजारांवर उतरली होती. नगर वाढते तसे ते ओसरतेही, हे माडगांवकरांस दिसले नाही; कारण १८६५ सालीच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जगन्नाथ शंकरशेटही गेले. दात्यांच्या मुंबईचा एक अध्याय येथे मिटला असे म्हणावयास हरकत नाही.

मिटलेल्या अध्यायाच्या पाठीवर दुसरा लिहिला जाऊ लागला, आणि त्याची भाषा अगदी निराळी होती. १८६५ च्या कायद्याने तीन कमिशनर जाऊन सरकारने नेमलेला एकच कमिशनर आला आणि जस्टिसांच्या समूहास नगरसंस्थेचे रूप मिळाले. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हा कर्तबगार व बेफिकीर मनुष्य होता. त्याने रस्ते रुंद केले, गटारे काढली, आपल्या नावाची मंडई उठविली, आणि हे सर्व करताना खर्चाचा धरबंध ठेवला नाही. ऐन मंदीच्या काळात पट्ट्या वाढल्या. १८७०-७१ मध्ये करदात्यांनी जी चळवळ उभारली तीत नवरोजी फर्दुनजी पुढे होते. मुंबईच्या नागरिकाने ‘हा पैसा आमचा आहे, तो कसा खर्चिला ते सांगा’ असे उघड म्हणण्याचा हा प्रसंग होता. तरुण फिरोजशहा मेहता यांनी या वेळी घेतलेली भूमिका अधिक सूक्ष्म होती. दोष क्रॉफर्डचा नाही, पद्धतीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी देखरेख करतील आणि अंमलबजावणीची सत्ता एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहील, अशी रचना त्यांना हवी होती.

१८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडावयाचे, सोळा जस्टिसांनी आणि सोळा सरकारने नेमावयाचे. मत देण्याचा हक्क ठरावीक रकमेहून अधिक पट्टी भरणाऱ्यांनाच होता, म्हणजे लाखोंच्या वस्तीत काही थोड्या हजारांना. तरीही ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. १८८८ च्या कायद्याने सभासदांची संख्या बहात्तर झाली आणि त्यांतील छत्तीस विभागवार निवडले जाऊ लागले. त्या कायद्याच्या घडणीत मेहतांबरोबर काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा वाटा होता. पुढील वर्षी, १८८९ मध्ये, बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ प्रसिद्ध झाला. शीर्षकातील ‘वर्णन’ जाऊन ‘वृत्तांत’ आला. शीर्षकाच्या एका शब्दावर मोठे अनुमान उभारू नये हे खरे. त्या ग्रंथाचा विचार स्वतंत्र लेखातच करणे योग्य होईल. येथे इतकेच नोंदवितो, की माडगांवकरांच्या नगरात जे सरकार आणि जे दाते होते, त्यांच्या शेजारी आता मतदारांची एक लहानशी रांग उभी राहिली होती.

हा इतिहास माडगांवकरांच्या पुस्तकावर टीका करताना कशासाठी सांगितला, असे कोणी विचारील. त्यांनी न पाहिलेल्या गोष्टींबद्दल त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. दोष द्यावयाचा तो त्यांच्या नंतरच्या आपल्या वाचनाला. १९६१ ची आवृत्ती निघाली तेव्हा मुंबई महाराष्ट्राची राजधानी होऊन एकच वर्ष लोटले होते. १ मे १९६० पूर्वीच्या चार-पाच वर्षांत ‘मुंबई कोणाची’ या प्रश्नासाठी रक्त सांडले होते. अशा वेळी मुंबईसंबंधीचा शंभर वर्षांपूर्वीचा मराठी ग्रंथ हाती येणे ही स्वाभाविकपणेच अभिमानाची बाब होती. परंतु ‘मुंबई कोणाची’ याचे उत्तर मिळाल्यानंतर ‘मुंबईत कोण ठरवितो’ हा प्रश्न उरतोच, आणि पहिल्या प्रश्नाच्या तेजाने दुसरा झाकला गेला. १९४८ पासून महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने होऊ लागली होती. १९५० आणि १९५७ मध्ये हद्द वाढून ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १९६१ मध्ये लोकसंख्या ४१ लक्षांवर होती आणि २०११ मध्ये ती १ कोटी २४ लक्षांवर पोहोचली. या अवधीत नगराच्या वाढीसंबंधीचे मोठे निर्णय हळूहळू महापालिकेच्या सभागृहाबाहेर गेले. १९७० मध्ये सिडको, १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, १९७७ मध्ये म्हाडा, अशी राज्यशासनाने निर्माण केलेली मंडळे शहराची जमीन, घरे आणि रस्ते यांचा विचार करू लागली. महापालिका आयुक्ताची नेमणूक १८८८ च्या कायद्यानुसार राज्य सरकारच करते. मार्च २०२२ मध्ये सभासदांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही आणि नगराचा संपूर्ण कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. फिरोजशहांनी कल्पिलेल्या रचनेतील अर्धा भाग तेवढ्या काळापुरता गळून पडला, आणि शहर १८६५ च्याही अलीकडे पोहोचले नाही. कारण त्या वेळी जस्टिस तरी होते.

राजधानी होण्याचा हा एक गुणधर्मच आहे. जे नगर राज्याचे आसन बनते, त्याच्यावर राज्याचे लक्ष इतके खिळते की त्याला स्वतःचे असे मन उरत नाही. मराठी वाङ्मयातही याचे प्रतिबिंब पडलेले दिसते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांनी राजधानीतील सत्ताकारण समर्थपणे उभे केले, आणि ‘सिंहासन’ या नावाने १९७९ साली आलेल्या जब्बार पटेल यांच्या चित्रपटाने ते घरोघर पोहोचविले. पण तेथे मुख्य खेळ मुख्यमंत्रिपदाचा आहे. मुंबई त्या खेळाचे पटांगण आहे, आणि फार जिवंत पटांगण आहे. खेळणारी मात्र ती नव्हे. वॉर्डातील सभासद, पाण्याच्या वेळा ठरविणारा अभियंता, घरपट्टीचा दर, विकास आराखड्यावर हरकत नोंदविण्यास आलेली माणसे, यांचे राजकारण कादंबरीच्या केंद्रस्थानी आलेले विरळा. बखर आणि वर्णन हे जे दोन साचे माडगांवकरांना मिळाले होते, त्यांची विभागणी शंभर वर्षांनंतरही फारशी मोडलेली नाही : दरबार लिहिला की शहर पार्श्वभूमीला जाते, आणि शहर लिहिले की दरबार अदृश्य होतो.

विहारचेच उदाहरण पुन्हा घ्यावे. विहार हा मुंबई बेटाबाहेर, साष्टीत आहे. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर, आणि मग भातसा, अशी राजधानीची तहान उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकत गेली. आज ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरातून नळ मुंबईस येतात, तेथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘वर्णना’च्या दृष्टीने नळ हा शहरात पाणी सुटते तेथे सुरू होतो. ते पाणी कोणाच्या शिवारातून आले आणि कोणाच्या ठरावाने आले, हे विचारताच वर्णन संपते आणि राजकारण सुरू होते. नगरविषयक मराठी गद्याचा कस या सीमेवर लागतो, आणि माडगांवकरांचे गद्य तेथे थांबते. तेथवर ते जितक्या उत्साहाने, जितक्या बारकाईने आणि जितक्या निर्मळ कुतूहलाने येते तितके त्यांच्यानंतर फार थोड्यांचे आले, हेही सांगितले पाहिजे.

यासाठी या ग्रंथाची एक नवी सटीप आवृत्ती निघणे अगत्याचे आहे. फाटकांच्या आवृत्तीचे उपकार मान्य करूनही असे म्हणावे लागते, की आता हवी असलेली टीप वेगळ्या प्रकारची आहे. ग्रंथात जेथे रस्ता येतो तेथे तो कोणत्या पट्टीतून झाला, जेथे तलाव येतो तेथे तो कोणी खोदला याबरोबर पुढे त्याची देखभाल कोणाकडे आली, जेथे भिंत पडते तेथे मोकळ्या जमिनीचे वाटप कोणी केले, हे जस्टिसांच्या सभांची इतिवृत्ते, सरकारी दप्तरे आणि तत्कालीन मराठी व गुजराती वृत्तपत्रे यांच्या आधारे तळाशी देता येण्याजोगे आहे. यांतील बरीच साधने मुंबईतच आहेत. गुजराती पत्रांचा उपयोग मराठी अभ्यासकांनी फार कमी केला आहे. वास्तविक करदात्यांच्या चळवळीचा मोठा भाग त्याच भाषेत चालला होता. हे काम एका व्यक्तीचे नव्हे. मराठी, गुजराती आणि इतिहास या तीन विभागांनी मिळून ते हाती घ्यावे, आणि प्रारंभ कोटाच्या पाडकामाविषयीच्या प्रकरणापासून करावा.